गव्हर्नर रूझवेल्ट उभे कसे राहत?

प्रश्न असा आहे: अमेरिकेचे अध्यक्ष होण्यापूर्वी फ्रँकलिन रूझवेल्ट 1929 ते 1932 अशी चार वर्षे न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर होते आणि तेव्हा त्यांचे दोन्ही पाय निकामी होते, मग प्रचार, दौरे आणि रोजचा कारभार त्यांनी कसा निभावला, आणि लोकांना त्यांच्या अपंगत्वाचा पत्ताच नव्हता हे खरे का? प्रश्नकर्त्याने एका छायाचित्राचाही उल्लेख केला आहे. त्यात ते एका हातात काठी घेऊन, दुसऱ्या हाताने मुलाचा दंड धरून हसत उभे आहेत, आणि हा माणूस चालू शकत नसेल यावर विश्वास बसत नाही, असे प्रश्नकर्त्याचे म्हणणे आहे.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. तीस वर्षांहून अधिक काळ पायांना कॅलिपर (दुबळा पाय ताठ धरणारा आधार) बसविण्याचे काम करतो. त्यातली पहिली पंधरा-वीस वर्षे बहुतेक पोलिओच्या रुग्णांसाठीच गेली. त्यामुळे अशी छायाचित्रे पाहताना माझी नजर चेहऱ्यावर जाण्याआधी बुटांवर, गुडघ्यांवर आणि विशेषतः हातांवर जाते. त्या छायाचित्रातला मुलाच्या दंडावरचा हात पाहा. बोटे कोटाच्या कापडात रुतलेली आहेत. ज्याचे पाय शरीर पेलतात, तो माणूस कोणाचा दंड असा धरत नाही.

आधी आजाराविषयी. 1910 मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, लाल रंगाच्या उघड्या मोटारीतून गावोगाव फिरून ते न्यूयॉर्कच्या राज्य सिनेटवर निवडून आले होते. पुढे नौदल खात्याचे सहायक मंत्री झाले आणि 1920 मध्ये उपाध्यक्षपदाची निवडणूक लढवून हरले. ऑगस्ट 1921 मध्ये कॅनडाच्या कँपोबेलो बेटावरील सुट्टीच्या घरी त्यांना ताप आला आणि दोन-तीन दिवसांत कमरेखालची ताकद गेली. वय होते 39. गावच्या डॉक्टरांना ती सर्दी वाटली. जवळपास सुट्टीवर आलेल्या एका नामांकित वृद्ध शल्यचिकित्सकांनी मज्जारज्जूत रक्ताची गाठ झाली आहे असे निदान करून पाय जोराने चोळायला सांगितले, आणि पत्नी एलिनॉर व जुने सहकारी लुई हाव यांनी दिवसरात्र ते केले. 25 ऑगस्टला बोस्टनचे डॉ. लॉव्हेट आले, त्यांनी पोलिओचे निदान केले आणि चोळणे ताबडतोब थांबवले. आमच्या क्षेत्रातल्या कोणालाही हा भाग वाचून हळहळ वाटेल, कारण स्नायू दुखरे असण्याच्या त्या पहिल्या काळात विश्रांती हवी असते, चोळणे नव्हे. त्याने किती नुकसान झाले हे आता कोणी सांगू शकणार नाही. हा आजार पोलिओ नसून गियाँ-बारे सिंड्रोम (नसांचा दुसरा एक आजार) असावा, अशी मांडणी 2003 मध्ये काही डॉक्टरांनी केली. त्यावर अजून वाद आहे, पण कॅलिपरच्या दृष्टीने त्याने काही फरक पडत नाही.

1922 मध्ये त्यांना कॅलिपर मिळाले: मांडीच्या वरच्या टोकापासून बुटाच्या टाचेपर्यंत दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या, मांडीला आणि पोटरीला चामड्याचे पट्टे, गुडघ्याच्या पातळीवर कुलूप. दोन्ही मिळून वजन सुमारे साडेचार किलो. आजचे प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे कॅलिपर हातात घेतलेल्यांना हे वजन नुसते वाचून कळणार नाही. आमच्याकडेही जुन्या रुग्णांच्या घरी असे पोलादी जोड अजून माळ्यावर सापडतात, आणि ते उचलून दाखवले की नवे विद्यार्थी गप्प होतात.

आता यांत्रिक भाग, कारण सगळे उत्तर त्यावर अवलंबून आहे. बसलेले असताना गुडघ्याचे कुलूप उघडे असते. उभे राहायचे तर आधी दोन्ही पाय हाताने सरळ करायचे, कुलुपे लावायची, आणि मग कोणीतरी काखेत हात घालून माणसाला लाकडी ओंडक्यासारखे सरळ उभे करायचे. उभे राहिल्यावर गुडघा दुमडत नाही एवढीच हमी कॅलिपर देतो. नितंबाचे आणि पोटाचे स्नायू दुबळे असतील तर कमरेतून पुढे कोसळण्याचा धोका तसाच राहतो. म्हणून असा माणूस पोट किंचित पुढे काढून, पाठ मागे झुकवून, कमरेच्या पुढच्या अस्थिबंधांवर जणू टांगून उभा राहतो, आणि तोल सांभाळायला त्याला निदान एक हात तरी कशावर तरी घट्ट ठेवावा लागतो. पाऊल टाकायचे म्हणजे एका बाजूला झुकून, धडाच्या जोरावर दुसऱ्या बाजूची कंबर उचलून, सरळ ताठ पाय पुढे झोकायचा. रूझवेल्ट असेच पाऊल टाकत. याला चालणे म्हणायचे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. माझ्या मते त्यांचे कॅलिपर भाषणासाठी उभे राहण्याचे साधन होते, आणि चार पावले ही त्या उभे राहण्यापर्यंत पोहोचण्याची किंमत होती.

ऑक्टोबर 1922 मध्ये ते प्रथमच न्यूयॉर्क शहरातल्या आपल्या कचेरीत गेले. इमारतीच्या दालनात गुळगुळीत संगमरवरी फरशी होती. कुबडीचे टोक घसरले आणि ते लोकांच्या देखत सपाट आडवे पडले. ड्रायव्हरला एकट्याने त्यांना उठवता येईना, म्हणून बघ्यांपैकी दोघांची मदत घ्यावी लागली. हसतखेळत ते पुढे लिफ्टकडे गेले खरे, पण त्यानंतर बराच काळ त्यांनी त्या कचेरीत पाऊल ठेवले नाही. रुग्णाला कॅलिपर दिल्यावर पहिल्या आठवड्यात मी फरशीबद्दल विचारतो ते अशाच गोष्टींमुळे. घरातल्या गुळगुळीत टाइल्स आणि कुबडीच्या टोकाचे झिजलेले रबर ही जोडी जिन्यापेक्षा घातक असते.

जून 1924 मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले आणि न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ यांचे नाव अध्यक्षपदासाठी सुचविण्याचे काम रूझवेल्ट यांच्याकडे आले. आजारानंतरचे हे त्यांचे पहिले मोठे जाहीर दर्शन. घरी अंतर मोजून, सोळा वर्षांच्या जेम्स या मुलाच्या दंडाचा आधार घेऊन त्यांनी तेवढ्याच अंतराचा सराव केला होता. भाषणाची वेळ आली तेव्हा त्यांनी एका सहकाऱ्याला आधी व्यासपीठावर पाठवून भाषणाचे टेबल हलवून पाहायला सांगितले. ते आपला भार सोसेल का, एवढेच त्यांना हवे होते. मग मुलाचा हात सोडून, दोन्ही काखांत कुबड्या घेऊन ते शेवटचे अंतर एकट्याने गेले आणि टेबल दोन्ही हातांनी पकडले. हात हलवून अभिवादन करता येत नव्हते, म्हणून मान मागे टाकून हसले. पुढे प्रसिद्ध झालेली ती मान वर करण्याची लकब मुळात स्वभावाची असेलही, पण हात मोकळे नसलेल्या वक्त्याला हावभावासाठी मान आणि चेहरा याशिवाय उरते काय? स्मिथ यांना उमेदवारी मिळाली नाही. रूझवेल्ट मात्र पुन्हा राजकारणात दिसू लागले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज या ठिकाणी गेले. तिथल्या झऱ्याचे पाणी सुमारे 31 अंश सेल्सिअस असते, आणि त्या पाण्यात त्यांना आधाराशिवाय उभे राहता आले. पाण्यात शरीराचा भार कमी होतो, म्हणून हे घडते. स्नायू परत आले असा त्याचा अर्थ नसतो. रुग्णाला मात्र तो क्षण विसरता येत नाही. 1926 मध्ये त्यांनी ती सगळी जागा सुमारे दोन लाख डॉलरना विकत घेतली, म्हणजे स्वतःच्या संपत्तीचा मोठा हिस्सा त्यात घातला, आणि पुढच्या वर्षी तिथे पोलिओग्रस्तांसाठी संस्था उभी केली. तिथेच त्यांनी जुन्या फोर्डला हाताने चालवायचा ब्रेक आणि क्लच बसवून घेतला आणि आसपासच्या शेतकऱ्यांशी गाडीत बसूनच गप्पा मारायला सुरुवात केली. राजकारणी म्हणून त्यांना लोकांमध्ये परत नेण्यात कॅलिपरपेक्षा या गाडीचा वाटा मोठा होता, असे मला वाटते. गाडीत बसलेल्या माणसाचे पाय कोणी पाहत नाही, आणि बोलणारे दोघेही बरोबरीच्या उंचीवर येतात.

कुबड्या मात्र राजकारणात चालणार नाहीत हे त्यांना आणि हाव यांना पटले होते. कुबडी पाहून माणसांना कणव येते आणि कणव आलेला मतदार मत देईलच असे नाही. म्हणून 1928 च्या ह्यूस्टन येथील पक्षाच्या अधिवेशनापूर्वी त्यांनी नवी पद्धत घोटवली: उजव्या हातात काठी, डावा हात एलियट या दुसऱ्या मुलाच्या काटकोनात घट्ट वाकवलेल्या हातावर. एलियटने हात लोखंडी कांबीसारखा ताठ धरायचा, चेहऱ्यावर मात्र ताण दिसू द्यायचा नाही, दोघांनी हसत-बोलत पुढे जायचे. प्रश्नकर्त्याने पाहिलेले छायाचित्र याच पद्धतीचे आहे.

2 ऑक्टोबर 1928 रोजी रॉचेस्टरच्या राज्य अधिवेशनात त्यांना गव्हर्नरपदासाठी उमेदवारी मिळाली, तीही ते स्वतः वॉर्म स्प्रिंग्जला फोन टाळत बसलेले असताना. त्यांना आणखी एक-दोन वर्षे पायांवर मेहनत करायची होती. विरोधी वृत्तपत्रांनी आजारी माणसाला, त्या वर्षी अध्यक्षपदाचे उमेदवार असलेल्या स्मिथ यांच्या सोयीसाठी बळी दिल्याची ओरड केली. त्यावर स्मिथ यांनी उत्तर दिले की, गव्हर्नरला काही कोलांट्याउड्या मारायच्या नसतात, ते काम डोक्याचे आहे. स्वतः रूझवेल्ट यांनी राज्यभर मोटारीचा दौरा काढला. गाडीच्या मागच्या भागात एक आडवी पोलादी दांडी बसवली होती. गाव आले की ती धरून, कुलुपे लावून ते उभे राहत, भाषण करत आणि पुन्हा बसत. दिवसभरातल्या गावांची लांबलचक यादी सांगून शेवटी ‘बिचाऱ्या आजारी माणसा’ची थट्टा करणे हा त्यांच्या भाषणाचा आवडता भाग झाला.

दिवसातून दहा-बारा वेळा हे करणे म्हणजे काय, ते सांगायला हवे. उठताना प्रत्येक वेळी मांडीचा पट्टा त्वचेवर घासतो, घामाने चामडे ओले होते, आणि ज्या जागी संवेदना शाबूत आहे तिथे दुपारपर्यंत जळजळ सुरू होते. पोलिओमध्ये संवेदना शाबूतच असते. न्यूयॉर्क शहरातल्या यॉर्कव्हिल भागातील एका सभागृहात समोरून नेणे गैरसोयीचे होते, तेव्हा मागच्या बाजूच्या लोखंडी आगजिन्यावरून माणसांनी त्यांना अक्षरशः हातांवर उचलून वर नेले. पुढे त्यांच्या मंत्रिमंडळात गेलेल्या फ्रान्सिस पर्किन्स यांनी ते पाहिले होते. वर पोहोचल्यावर रूझवेल्ट यांनी कपडे नीट केले, कुलुपे लावली आणि मुलाचा हात धरून ते व्यासपीठावर गेले. पर्किन्स यांच्या मनावर जे कोरले गेले ते त्यांचे उचलून घेतले जाणे नव्हे, तर मदत घेताना त्यांनी दाखवलेला सहजपणा. मदत नाकारणारे रुग्ण मी शेकड्यांनी पाहिले आहेत, मदतीने ओशाळे होणारेही. ती अशी सहज घेता येणे फार उशिरा येते आणि पुष्कळांना येतच नाही.

बेचाळीस लाखांच्या आसपास मतदान झाले आणि ते 25,564 मतांनी निवडून आले, तर अध्यक्षपदाचे उमेदवार असलेले स्मिथ आपल्याच राज्यात एक लाखाहून अधिक मतांनी मागे पडले.

ऑल्बनीच्या गव्हर्नर निवासात लिफ्टची सोय झाली आणि काचगृहाच्या जागी पोहण्याचा तलाव आला. घरात ते कॅलिपर बहुधा काढूनच ठेवत. तिथे त्यांची खुर्ची असे: साधी, बिनहाताची, स्वयंपाकघरातल्यासारखी लाकडी खुर्ची, खाली लहान चाके लावलेली. त्या काळच्या व्हीलचेअर रुंद, वेताच्या, आजाऱ्याच्या वाटत. ही अरुंद खुर्ची कोणत्याही दारातून जाई आणि तिच्यावरून दुसऱ्या खुर्चीवर सरकणे एका झटक्यात होई. बाजूला हात नसल्याने सरकताना अडथळा नाही. मी आजही रुग्णांना सांगतो की सरकून बसायचे असेल तर ज्या खुर्चीचा हात काढता येतो तीच घ्या. हे त्यांनी स्वतःच्या डोक्याने शोधले होते. उचलण्या-बसविण्यासाठी अंगरक्षक म्हणून नेमलेले राज्य पोलिसांतले अर्ल मिलर आणि न्यूयॉर्क पोलिसांतले गस गेनरिक हे दोघे धिप्पाड जवान सोबत असत.

कारभाराचा बराचसा भाग बसून करायचा असतो, त्यामुळे तिथे अडचण कमी होती. विधिमंडळ रिपब्लिकन पक्षाच्या हातात आणि ग्रामीण वृत्तपत्रेही बहुतेक त्याच पक्षाची, म्हणून ते रेडिओवरून थेट लोकांशी बोलू लागले. पुढे अध्यक्ष असताना गाजलेल्या रेडिओ-गप्पांची तालीम इथेच झाली. वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा 1930 चा, जलविद्युत प्राधिकरण 1931 चे, आणि त्याच वर्षी मंदीत बेकारांना मदत देणारी राज्य यंत्रणाही उभी राहिली, जिची सूत्रे लवकरच हॅरी हॉपकिन्स यांच्याकडे गेली.

खरी अडचण तपासणीची होती. गव्हर्नराने तुरुंग, मनोरुग्णालये, अनाथगृहे पाहायची असतात, आणि तिथे जिने, लांब व्हरांडे, अरुंद दारे. यावरचा त्यांचा तोडगा मला या सगळ्या चरित्रात सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. उन्हाळ्यात राज्याच्या कालव्यांतून काचेचे छत असलेल्या छोट्या सरकारी बोटीने ते दौरा काढत. संस्थेपाशी पोहोचले की अधीक्षक त्यांच्यासोबत मोटारीत बसून आवार दाखवी आणि एलिनॉर आत जात. पहिल्या वेळी त्यांनी परत येऊन जेवणात काय असते ते सांगितले. रूझवेल्ट यांनी विचारले, ते तू छापील यादीत वाचलेस की भांड्यांची झाकणे उघडून पाहिलेस? मग खाटा एकमेकींच्या फार जवळ आहेत का, दिवसा गुंडाळून कुठे कोंबून ठेवल्या आहेत का, रहिवासी कर्मचाऱ्यांशी कसे वागतात, हे सगळे बघायला त्यांनी पत्नीला शिकवले. एलिनॉर यांनी पुढे लिहिले आहे की, काही महिन्यांत त्या यात तरबेज झाल्या. अपंग माणसाने आपले पाय दुसऱ्याकडून उसने घेणे आपण नेहमी पाहतो; इथे डोळे उसने घेतले गेले आणि त्या डोळ्यांना प्रशिक्षण देऊन घेतले गेले.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. लोकांना ठाऊक नव्हते हे खरे नाही. त्यांना पोलिओ झाला हे 1921 मध्येच वृत्तपत्रांत छापून आले होते, वॉर्म स्प्रिंग्जसाठी उघडपणे देणग्या मागितल्या जात, आणि 1928 च्या प्रचारात त्यांची प्रकृती हा जाहीर वादाचा विषय होता. 1930 च्या निवडणुकीआधी त्यांनी विमा कंपन्यांच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली आणि पाच लाख डॉलरहून अधिक रकमेचा विमा मिळाल्याचे पत्रकारांना सांगितले. त्या निवडणुकीत ते 7,25,001 मतांनी जिंकले. 1931 मध्ये ‘लिबर्टी’ साप्ताहिकात, अध्यक्षपदासाठी ते शरीराने सक्षम आहेत का, असा थेट मथळा असलेला लेख आला आणि त्यात तीन डॉक्टरांच्या तपासणीचा निर्वाळा होता. तो लिहिणारे अर्ल लूकर यांनी पुढे रूझवेल्ट यांच्या नावाने लेख लिहून दिले, तेव्हा त्या लेखाचा तटस्थपणा किती मानायचा ते वाचकांनी ठरवावे.

झाकले गेले ते अपंगत्वाचे प्रमाण. पूर्वी पोलिओ झाला, आता बरे आहेत, थोडे लंगडतात, एवढी लोकांची समजूत होती आणि ती जपली गेली. उचलून नेतानाची किंवा गाडीतून काढतानाची छायाचित्रे छापली जाऊ नयेत याची काळजी घेतली जाई, व्यासपीठावर ते पडद्याआड आधीच उभे असत, विजारी किंचित लांब शिवलेल्या असत. कुलूप दगा देई तेव्हाही बाहेर काही येत नसे: 1936 मध्ये, अध्यक्ष असताना, फिलाडेल्फियाच्या सभेत गुडघ्याचे कुलूप निसटून ते पडले, भाषणाची पाने विखुरली, आणि काही मिनिटांत ते भाषणाला उभे होते, मैदानातल्या बहुतेकांना काही कळलेच नाही.

या लपविण्याला मी दोष देत नाही, पण त्याचा गौरवही करवत नाही. ते करायला घरची श्रीमंती, नोकर, धडधाकट मुले आणि पोलीस लागले. वॉर्म स्प्रिंग्जमध्ये कृष्णवर्णीय रुग्णांना प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठीचे केंद्र अलाबामातील टस्कीगी येथे 1941 मध्ये सुरू झाले. आपल्याकडचे एस. जयपाल रेड्डी आठवतात. बालपणीच्या पोलिओमुळे कुबड्या आलेला हा माणूस 1969 पासून आंध्र प्रदेश विधानसभेत सलग चार वेळा कलवाकुर्तीतून निवडून गेला, आणि कुबड्या लपविण्याचा प्रश्न त्यांनी कधी काढल्याचे दिसत नाही. माझे जुने रुग्ण रूझवेल्ट यांच्यापेक्षा त्यांचेच नाव अधिक घेत.

गव्हर्नरपदाच्या शेवटच्या वर्षातला एक प्रसंग मात्र मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. एप्रिल 1932 मध्ये अध्यक्ष हूव्हर यांनी राज्यांच्या गव्हर्नरांना व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावले होते. यजमान येईपर्यंत पाहुण्यांनी उभे राहायचे असा रिवाज, आणि हूव्हर सुमारे अर्धा तास उशिरा आले. एलिनॉर यांना तो उशीर मुद्दाम केलेला वाटला. तसे होते की नव्हते याचा निवाडा करण्याची गरज नाही. रूझवेल्ट कुलूपबंद गुडघ्यांवर, काठीच्या आणि पत्नीच्या हाताच्या आधाराने तेवढा वेळ उभे राहिले. मधल्या काळात त्यांना दोनदा खुर्ची देऊ केली गेली आणि दोन्ही वेळा त्यांनी नको म्हटले. नव्या कॅलिपरवर मी रुग्णाला पहिल्या महिन्यात सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त उभे करत नाही, आणि त्यांच्याकडे दहा वर्षांचा सराव होता हे धरूनही, अर्ध्या तासानंतर मनगट, खांदा आणि कमरेची काय स्थिती होते हे ज्याला पाहायचे असेल त्याने आमच्या विभागातल्या समांतर कठड्यांपाशी येऊन कधीही पाहावे.